आतून आभार येतच नसतील तर?

“तोंडाने मी देवाचे आभार मानते, पण आतून काहीच येत नाही. माझा विश्वास आटला का हो?”

माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांमधून हा प्रश्न वरचेवर येतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, काळजी तीच असते. विचारणारी माणसं चर्चपासून लांब गेलेली असतात असंही नाही. महिला मंडळ चालवणाऱ्या, शब्बाथ शाळेत मुलांकडून वचनं पाठ करून घेणाऱ्या, कुणाच्याही घरी दुःख झालं की आधी धावणाऱ्या बायका आणि पुरुष हे विचारतात, आणि खाली मान घालून विचारतात.

आपल्या घरांमध्ये आभाराला स्थानच तेवढं मोठं आहे. नवं घर झालं, मुलगी बारावी झाली, ऑपरेशन नीट पार पडलं, की पाळकसाहेबांना बोलावून उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवायची. हंगामाच्या सणाला बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी अर्पण करायची आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव करायचा. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे पौलाचं वचन तर कित्येक घरांत भिंतीवरच असतं. अशा घरात आयुष्य गेलेल्या माणसाला एक दिवस आभार सुचेनासे झाले, तर त्याला वाटतं की आपल्या मुळालाच काहीतरी झालं.

नगर जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेची गोष्ट इथे सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गावात त्यांना सगळे बाईच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

बाई आल्या त्या थेट म्हणाल्या, “मला प्रार्थना शिकवा.” तीस-पस्तीस वर्षं महिला मंडळात प्रार्थना करणारी बाई मला प्रार्थना शिकवा म्हणते, तेव्हा थांबून ऐकावं लागतं.

त्यांचे यजमान साखर कारखान्यात फिटर होते. चर्चमध्ये पेटीवर भजनं म्हणायचे. निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. समोरच्याचं बोललेलं बरंचसं कळतं, पण सांगायचं ते शब्दांत येत नाही. ‘पाणी’ म्हणायचं असतं आणि तोंडातून भलतंच काही निघतं, मग ते चिडतात, डावा हात गादीवर आपटतात. बाई त्यांना उठवतात, पुसतात, भरवतात, रात्री दोनदा कूस बदलतात. मुलगा पुण्यात नोकरीला, पैसे पाठवतो, रोज फोन करतो.

हे सगळं सांगताना बाईंचा आवाज हलला नाही. तो हलला पुढच्या वाक्याला. “प्रार्थनासभेत सगळे म्हणतात, बाई, उपकार माना, जीव तर वाचला. आमच्या गल्लीत त्याच महिन्यात एकजण गेले, त्यांच्याकडे बघा म्हणतात. मी मान हलवते. आणि घरी आल्यावर मला वाटतं, वाचला ते कशाला वाचला?” एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. “मी कृतघ्न झाले का, मॅडम? देव मला कसा सहन करत असेल?”

अशा वेळी वचन सांगायची घाई मी करत नाही. आधी झोपेबद्दल विचारलं. रात्री दोनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. जेवण? त्यांचं उरलेलं खाते. कुठल्या गोष्टीत मन रमतं? कशातच नाही. जगू नये असं वाटतं का, हेही सरळ विचारलं. हा प्रश्न विचारल्याने माणसाच्या मनात नको तो विचार पेरला जातो, असा अनेकांचा समज आहे. तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं याने जीव हलका होतो. बाई म्हणाल्या, “स्वतःला काही करावं असं नाही वाटत. पण सकाळी जाग आली नाही तर बरं, असं वाटतं.” नैराश्याची तीव्रता पाहण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, ती भरून घेतली. नैराश्य मध्यम पातळीचं निघालं. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि थायरॉइड, साखर, रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं.

“म्हणजे गोळ्या? प्रार्थना पुरत नाही म्हणून?” बाईंनी विचारलं.

मग मी त्यांना एलीयाची आठवण करून दिली. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात हा एवढा मोठा संदेष्टा एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देवाने त्याला तिथे खडसावलं नाही, आजवर केलेल्या उपकारांची यादीही वाचून दाखवली नाही. त्याला झोपू दिलं. दूत आला, त्याने उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, आणि पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर पुष्कळ पुढे, होरेब डोंगरावर. थकलेल्या शरीराला देव आधी भाकर देतो, हे बाईंना पटलं, कारण हा धडा त्यांनी स्वतः शब्बाथ शाळेत शिकवला होता.

बाईंच्या पिशवीत एक वही होती. मुलाने पुण्याहून आणून दिलेली, गुळगुळीत कागदाची. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. आईचं मन हलकं व्हावं म्हणून त्याने मायेने दिली होती. पहिली दोनचार पानं भरलेली, पुढे सगळी कोरी. “लिहायला बसले की रडू यायचं. तीन गोष्टी सापडायच्या, नाही असं नाही. पण त्या लिहिताना वाटायचं, मी देवाला खोटा हिशेब लिहून देते आहे.”

या वहीमागचं शास्त्र खोटं नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांना कृतज्ञता वाटलेल्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना त्रासाच्या. कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना एकूण आयुष्य अधिक बरं वाटलं. त्यातला एक प्रयोग तर स्नायूंचे दुर्धर आजार असलेल्या लोकांवर, 21 दिवसांचा होता. हे सगळं खरं, पण पुढच्या काळात असे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले गेले तेव्हा असंही दिसलं, की नैराश्य आणि चिंता यांच्यावर अशा लिखाणाचा परिणाम लहानच असतो. वही लिहून ज्यांचं मन उजळतं त्यांनी ती जरूर लिहावी. पण जिथे दुःख अजून बोललंच गेलेलं नाही, तिथे ती यादी म्हणजे ओल न काढता भिंतीला रंग दिल्यासारखं होतं.

मी बाईंना म्हटलं, वही ठेवून द्या, फेकू नका. मुलालाही काही बोलू नका. आणि तुम्हाला देवाला खरं काय सांगायचं आहे ते मला आधी सांगा.

बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “असं देवाला बोलायचं नसतं.”

हा समज आपल्या मंडळ्यांमध्ये कुठून आला, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. पवित्र शास्त्रात दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतला जवळजवळ तिसरा हिस्सा तक्रारीचा, विलापाचा आहे. तेरावं स्तोत्र जेमतेम सहा वचनांचं. त्याची सुरुवातच ‘किती काळ?’ या प्रश्नाने होते, आणि तो प्रश्न एकदा विचारून स्तोत्रकर्त्याचं समाधान होत नाही, चार वेळा विचारतो. शेवटी तो देवाच्या उपकारांचं गाणं गातो, पण ‘किती काळ?’ विचारून झाल्यावर. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर शेवटीही उजेड नाही. ते अंधारातच संपतं. तरीसुद्धा ते शास्त्रात आहे, आणि देवाला उद्देशून आहे. ज्याने ते लिहिलं त्याला कुणी अविश्वासू म्हटलेलं नाही.

तेरावं स्तोत्र आम्ही सोबत वाचलं. नंतर मी त्यांना सांगितलं, की आठवडाभर आभाराचा एकही शब्द प्रार्थनेत आणायचा नाही. ‘किती काळ?’ या शब्दांनी सुरुवात करायची आणि जे येईल ते मोठ्याने बोलायचं. गच्चीवर जा, मोरीत नळ सोडून बोला, कसंही.

पुढच्या भेटीत बाईंचे डोळे सुजलेले होते, पण खांदे सैल होते. काय बोलल्या ते सगळं इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आणि देवाचं. एकच सांगते, कारण तेवढं सांगायला त्यांनी मुद्दाम परवानगी दिली. सगळ्यांत जास्त राग जावेचा होता. जावेचे यजमान यांच्याहून मोठे, पण रोज सकाळी तळ्यापर्यंत फिरायला जातात. त्यांच्या चपलांचा आवाज दारावरून गेला की बाईंच्या पोटात आग पडायची.

प्रार्थनासभेतल्या ‘त्यांच्याकडे बघा’ या वाक्याने काय होतं, ते इथे नेमकं दिसतं. आपल्यापेक्षा वाईट स्थितीतल्या माणसाकडे बघून आभार मानायला शिकवलं, की मन आपोआप आपल्यापेक्षा बऱ्या स्थितीतल्या माणसाकडेही बघायला लागतं. मोजायचं ठरवलं की दोन्हीकडे मोजलं जातं. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून आभारच मानतो: देवा, मी इतर माणसांसारखा नाही, त्या जकातदारासारखाही नाही. येशूने सांगितलेल्या त्या दाखल्यात नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार, ज्याच्या तोंडी आभाराचा शब्दच नाही. त्याच्याकडे फक्त ‘मज पाप्यावर दया कर’ एवढीच हाक आहे. शेजारच्याचं दुःख मापाला घेऊन मानलेले आभार येशूला मान्य नव्हते, असंच मी या दाखल्यावरून समजते. एखाद्या आजाऱ्याच्या घरी जाऊन आपण ‘अमक्यापेक्षा तुमचं बरं’ म्हणतो तेव्हा आपला हेतू चांगला असतो, पण त्याला आपण परूशाची प्रार्थना करायला सांगत असतो. हे वाक्य आपल्या बोलण्यातून कायमचं जावं, असं मला फार मनापासून वाटतं.

राग बोलून झाला, औषधाने झोप थोडी येऊ लागली. पण आभार? ते अजून नव्हते. आणि खरी गाठ मला तेव्हा दिसली, बाईंनी सहज एका डब्याबद्दल सांगितलं तेव्हा.

शेजारी एक मुसलमान कुटुंब राहतं. तिथल्या भाभी आठवड्यातून एकदोनदा कालवणाचा डबा आणून देतात. बाई तो डबा घासून त्याच संध्याकाळी भरून परत करतात. शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या पोळ्या, काही नसेल तर साखर. दिवसभर यजमानांचं करून पाय दुखत असले तरी उभं राहून काहीतरी करायचंच. “रिकामा डबा परत द्यायचा नसतो,” त्या म्हणाल्या. “आणि कुणाचे उपकार ठेवायचे नाहीत, हे आमच्या आईचं शिकवणं.”

मी विचारलं, महिला मंडळातल्या बायका येतात का मदतीला? यायला तयार आहेत, दोघी-तिघींनी विचारलंही होतं, दोन तास आम्ही बसतो, तुम्ही झोपा. बाईंनी नको म्हटलं. मुलाने रजा काढून येतो म्हटलं, त्यालाही नको. दिवसा येणारा कामाचा माणूस लावू म्हणाला, तेही नको. ज्या बाईंनी पस्तीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन केलं, त्यांना स्वतःच्या घरात कुणी येऊन करणं सोसत नव्हतं.

मराठी माणसाला मिंधेपणाचं भय फार असतं. गरिबीतून, दुष्काळातून, दुसऱ्याच्या दारात उभं राहण्याच्या अपमानातून ते आलेलं आहे, आणि त्यात स्वाभिमान आहे हे मी नाकारत नाही. आपल्या कित्येक ख्रिस्ती कुटुंबांना तर ‘मिशनचं खाऊन वाढलेले’ असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकावं लागलं, त्यामुळे आपल्याकडे हा काटा आणखी खोल रुतलेला आहे. पण कुणाचंही घ्यायचं नाही असं ठरवलेल्या माणसाला आभार मानायला जागाच उरत नाही. घेतलं की लगेच फेडायचं, फेडलं की खातं बंद. मग देवाचंही तसंच होतं. आपण सेवा करतो, दशांश देतो, उपास करतो, आणि देव आपल्याला बरं ठेवतो, असा हिशेब आत कुठेतरी चालू असतो. झटका आला तेव्हा बाईंचा हा हिशेब मोडला. त्यांना देवाचा राग आला होता तो याचा, की एवढं करून हे असं का दिलं.

या ठिकाणी मी बाईंना त्या एका रात्रीकडे नेलं, जिच्याबद्दल प्रत्येक प्रभुभोजनाच्या वेळी आपण ऐकतो. येशूला धरून देण्यात आलं ती रात्र. योहान सांगतो की त्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला आणि पेत्राने पाय मागे घेतले. माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत, म्हणाला. पेत्राचं हे बोलणं आपल्याला नम्रपणाचं वाटतं. येशूने मात्र त्याला स्पष्ट सांगितलं, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. त्याच रात्री येशूने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून मोडली. आणि त्याच रात्री, त्यानंतर थोड्याच वेळाने, गेथशेमाने बागेत तो मित्रांना म्हणाला की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, तुम्ही इथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. मग पालथा पडून त्याने बापाला विनवलं, की हा प्याला माझ्यावरून टळून जावो.

“एकाच रात्री?” बाईंनी विचारलं. आयुष्यभर ऐकलेल्या गोष्टी होत्या, पण एकाच रात्रीत शेजारी शेजारी ठेवून त्यांनी पाहिल्या नव्हत्या.

एकाच रात्री, एकाच तोंडून. आभार मानणाऱ्या येशूला रडण्याची लाज वाटली नाही, आणि सोबत मागण्याचीही. मित्र झोपून गेले ही वेगळी गोष्ट, त्याने मागितली तर होती. मग बाईंनी रडतारडता देवाला जाब विचारला याने त्यांची उपकारस्तुती खोटी कशी ठरेल? आणि त्यांनी शेजारणीकडे दोन तास मागितले तर कमीपणा कसला?

त्या दिवशी मी बाईंना एक काम दिलं. पुढच्या वेळी भाभींचा डबा येईल तो घासून, पुसून, रिकामा परत द्यायचा. काही भरायचं नाही. फक्त म्हणायचं, ‘भाभी, आज तुमच्यामुळे मला स्वयंपाक करावा लागला नाही, बरं वाटलं.’ बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, “तुम्ही दिलेल्या सगळ्यांत हे अवघड आहे.”

दोन आठवडे ते जमलं नाही. तिसऱ्या आठवड्यात जमलं. भाभी दारात उभ्याच राहिल्या म्हणे. मग त्यांनी बाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, “आज वाटलं, मी तुमची कुणीतरी आहे. नाहीतर तुम्ही दर वेळी चुकतं करून टाकता.”

त्या रात्री बाईंनी कित्येक महिन्यांनी मनापासून आभार मानले. यजमानांच्या जिवासाठी नाही, तिथपर्यंत त्या अजून आल्या नव्हत्या. भाभींसाठी, त्यांचं नाव घेऊन, आणि त्या दिवशीच्या मेथीच्या भाजीसाठी. पौलाची पत्रं पाहा. त्यांतली बहुतेक अशाच आभाराने सुरू होतात, आणि ते आभार माणसांबद्दल असतात: तुमची आठवण होते तेव्हा मी देवाची उपकारस्तुती करतो. फिलिप्पैकरांना तर तो कैदेतून लिहितो आणि त्यांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीचा नाव घेऊन उल्लेख करतो. पण गलतीकरांना लिहिताना हा आभार नाही. तो त्यांच्यावर संतापलेला होता, आणि सलाम झाल्या झाल्या थेट ‘मला आश्चर्य वाटते’ म्हणून सुरुवात करतो. ज्याने सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगितलं, त्यानेही मनात नसलेले आभार कागदावर आणले नाहीत. मला हे फार दिलाशाचं वाटतं.

त्यानंतर काही गोष्टी भराभर झाल्या. महिला मंडळातल्या दोघी सोमवारी आणि गुरुवारी दुपारी येऊन बसू लागल्या. मुलाशी बाईंच्या संमतीने मीही बोलले. आईने नको म्हटल्यामुळे तोही दुखावलेला होता, आपला उपयोग फक्त पैशापुरता, असं त्याला वाटत होतं. आता तो एक आड एक शनिवारी येतो आणि वडिलांची आंघोळ तोच घालतो.

आणि एक गोष्ट वाचा-उपचारतज्ज्ञांमुळे झाली. डाव्या मेंदूच्या इजेमुळे वाचा गेलेल्या अनेक रुग्णांना स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही, पण लहानपणापासून तोंडात बसलेलं गाणं, पाढे, प्रार्थना बऱ्याचदा म्हणता येतात. बाईंनी यजमानांपुढे मोठ्याने प्रार्थना करणं झटक्यानंतर सोडलं होतं. त्यांना उत्तर देता येत नाही, उगीच वाईट वाटेल, म्हणून. तज्ज्ञांनी सांगितल्यावर एका संध्याकाळी त्यांनी सावकाश सुरुवात केली, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. दुसऱ्या ओळीला यजमानांचा आवाज आला. अडखळत, पण शब्द बरोबर. प्रभूची प्रार्थना त्यांनी जवळजवळ शेवटपर्यंत म्हटली.

तुम्हाला वाटेल बाई आनंदाने रडल्या असतील. त्या चिडल्या. उठून स्वयंपाकघरात गेल्या. मला सांगताना म्हणाल्या, “देवाशी बोलता येतं, मग माझ्याशी का नाही? माझं नाव घेता येत नाही यांना.” हे त्यांनी देवालाही सांगितलं, तसंच्या तसं. मला त्या क्षणी बाईंचा फार अभिमान वाटला. वर्षभरापूर्वी त्यांनी हीच गोष्ट प्रार्थनासभेत साक्ष म्हणून दिली असती, आणि चिडल्याचं गाळलं असतं.

आता दोघं रोज संध्याकाळी ती प्रार्थना म्हणतात, मग एखादं भजन. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या ओळीला बाई हल्ली थांबतात आणि त्या दिवशी कुणाकडून काय आलं ते नावानिशी बोलतात. भाभी. मंडळातल्या दोघी. व्यायाम करून घ्यायला येणारा पोरगा. कुणाकडून काहीच आलं नाही, दिवस नुसता कष्टात गेला, तर तेही सांगतात. मुलाने दिलेली वही पुन्हा बाहेर आली आहे. तिच्यात पानाच्या एका बाजूला ‘किती काळ’ असतं आणि दुसऱ्या बाजूला नावं. एखाद्या दिवशी एक बाजू रिकामी राहते. त्याची चिंता करायची नाही असं आमचं ठरलं आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला असंच होत असेल तर आधी एवढं करा. आभार येत नाहीत याला लगेच पाप म्हणू नका. झोप, भूक, थकवा पाहा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, किंवा जगू नये असं वाटत असेल, तर पाळकसाहेबांना सांगा आणि डॉक्टरांनाही सांगा, दोघांना सांगण्यात विश्वासाचा काही अपमान नाही. भारत सरकारची टेली मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. आणि तुम्ही सोबत करणारे असाल, तर रुग्णाच्या घरी जाऊन उपकार माना म्हणू नका. दोन तास बसा, भांडी घासा, काळजी घेणारीला झोपू द्या. आभार मानायचे की नाही ते तिला नंतर ठरवू द्या.

बाईंच्या मंडळाने एक बदल केला आहे, तो मला इतर मंडळांनाही सुचवावासा वाटतो. प्रार्थनासभेत पूर्वी साक्ष आणि उपकारस्तुती एवढंच असायचं. आता आधी विलापाचं एक स्तोत्र वाचतात आणि ज्याला बोलायचं त्याला बोलू देतात. कुणी उत्तर द्यायचं नाही, कुणी दुसऱ्याचं उदाहरण द्यायचं नाही. पहिल्या वेळी कुणीच बोललं नव्हतं. दुसऱ्या वेळी एका तरुण मुलीने गर्भपाताचं दुःख सांगितलं, जे तिने घरातही कुणाला धड सांगितलं नव्हतं.

जावेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. मागच्या भेटीत बाई म्हणाल्या, “मॅडम, सगळ्यांची नावं घेते, पण भावजी सकाळी फिरायला निघाले की अजून आग होते. त्यांच्या पायांसाठी मला देवाचे आभार मानता येत नाहीत.”

मी म्हटलं, मग मानू नका. आग होते एवढंच सांगा त्याला.

“ते तर रोजच सांगते,” बाई म्हणाल्या, आणि पुढच्या महिन्यात मुलगा येतो त्या शनिवारी पेटी दुरुस्तीला कुठे न्यायची, हे विचारू लागल्या. यजमानांचा डावा हात चालतो, भाता कुणीतरी मारला तर एका हाताने सूर धरता येतील, असं त्यांच्या डोक्यात आहे.